शाळेत नेतृत्वाचा पुरस्कार सुरू करायचाय? कप नंतर आणा

जूनच्या पहिल्या सभेत मुख्याध्यापक कामांची वाटणी करतात. परीक्षा विभाग, वाचनालय, पोषण आहार ही खाती जुन्या लोकांकडे राहतात. नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाच्या वाट्याला हमखास ‘विद्यार्थी मंत्रिमंडळ आणि बक्षीस समारंभ’ येतो, कारण त्यात काही बिघडलं तरी वर कुणाला उत्तर द्यावं लागत नाही. तुमचंही तसंच झालं असेल आणि वर ‘यंदा मुलांच्या नेतृत्वगुणांसाठी काहीतरी नवीन करा’ असं सांगून साहेब मोकळे झाले असतील, तर पुढचं वाचा. मी हे खातं माध्यमिक शाळेत बारा वर्षं सांभाळलं. पहिली तीन वर्षं चक्क चुकीचं सांभाळलं.

चूक अशी. मी ‘आदर्श विद्यार्थी’ या जुन्याच पुरस्काराचं नाव बदलून ‘नेतृत्व पुरस्कार’ केलं आणि स्टाफरूममध्ये विचारलं, कुणाला द्यायचा? दोन मिनिटांत नाव ठरलं: दहावीतला पहिला नंबर, अक्षर सुंदर, उलट बोलत नाही. त्याच वर्षी नववीतली एक मुलगी पासाची मुदत संपत आली की आपल्या गावच्या सगळ्या मुलामुलींचे एस.टी.चे अर्ज गोळा करायची, फोटो कुणाचा राहिलाय ते बघायची, ऑफिसात उभं राहून सही-शिक्का घ्यायची. हे मला कळलं कधी? ती गोवराने आठवडाभर आली नाही आणि त्या गावच्या पोरांचे पास रखडले तेव्हा. तोवर कप दुसऱ्याच्या घरी पोचला होता.

तेव्हापासून माझा एक हट्ट आहे: आधी काम, मग पुरस्कार. मुलांच्या हातात खरं काम नसेल, तर नेतृत्व कोणात आहे हे दिसणारच नाही आणि आपण पुन्हा मार्कांकडे वळू.

पहिली पायरी: कामांची यादी करा

एक दिवस वही घेऊन शाळाभर फिरा. परिपाठापासून शाळा सुटेपर्यंत कुठे गोंधळ होतो, ते लिहा. आमच्या यादीत निघालेलं सांगतो: मधल्या सुट्टीत पाण्याच्या तोट्यांपाशी रेटारेटी. वाचनालयाची पुस्तकं परत येत नाहीत. पाचवीची नवी मुलं पहिले पंधरा दिवस रडवेली असतात. खेळाचं साहित्य नेहमी त्याच सात-आठ मुलांकडे. परिपाठात बातम्या वाचणारा आयत्या वेळी सापडत नाही. सायकली कशाही लावतात, सुटताना एक ओढली की दहा पडतात.

यातली जी कामं मुलं स्वतः ठरवून सुधारू शकतात, तीच घ्या. दोन गोष्टी मात्र यादीतून लगेच काढा. पहिली, शिपायाची कामं. स्वच्छतागृह धुणं, बाकं उचलणं याला नेतृत्वाचं नाव दिलं की मुलांना ते बरोबर कळतं आणि पालकांना तर त्याहून लवकर. दुसरी, हवालदारी. ‘बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिही’ हे आपल्याकडे वर्गप्रमुखाचं पिढीजात काम. त्यातून मुलगा फक्त नावं लिहायची आणि खोडायची किंमत शिकतो. काही शाळांत ती किंमत पेप्सीकोला आणि चिंचेच्या गोळ्यांत मोजली जाते. छडी तर त्याच्या हातात देऊच नका. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे. आपण नाही मारलं, मॉनिटरने मारलं, ही पळवाट नव्हे.

मुलांना खरी कामं देण्याची आपल्याकडची परंपरा काही नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू केलं. निरनिराळ्या जातींची मुलं तिथं एकत्र राहिली, एका पंगतीला जेवली आणि वसतिगृहातली कामं त्यांनी हाताने केली. वसतिगृहातलं काम अंगचोरपणाने केलं तर त्याच संध्याकाळी सगळ्यांना कळतं. शाळेतलं कामही शक्यतो असंच निवडा: नीट झालं किंवा बिघडलं, तर चार लोकांना जाणवेल असं.

दुसरी पायरी: एक कप नको, टप्पे हवेत

एकच कप ठेवला की शाळेतली पाचशे मुलं पहिल्याच दिवशी हिशेब करतात, ‘आपल्याला काही मिळत नाही’, आणि गप्प बसतात. स्काउट-गाइडमध्ये पाहा. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार. ठरलेलं करून दाखवलं की सोपान मिळाला. शेजारचा पोरगा पुढे गेला म्हणून तुमचा हुकत नाही. १९५६ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेली ‘ड्यूक ऑफ एडिंबरा’ पुरस्कार योजनाही याच चालीची. भारतात ती १९६२ पासून आहे, १४ ते २४ वयाच्या मुलांसाठी, कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा तीन पातळ्यांची. त्यात स्पर्धा नाही. सेवा, कौशल्य, शारीरिक व्यायाम आणि साहसी प्रवास, यांत प्रत्येकाने स्वतःच ठरवलेलं गाठायचं.

आपल्या शाळेपुरते तीन टप्पे पुरतात. पहिल्यात एकच काम, सहा आठवडे, नेमाने. दुसऱ्यात एक पूर्ण सत्र, आणि एकट्याने नव्हे तर तीन-चार जणांना सोबत घेऊन. तिसऱ्यात मुलाने स्वतःच अडचण शोधायची, मार्ग काढायचा आणि ते काम पुढे चालवणारा खालच्या वर्गातला कुणीतरी तयार करायचा. जितकी मुलं टप्पा पार करतील, तितक्यांना मिळेल. संख्येला मर्यादा घालू नका. ‘सगळ्यांनाच दिला तर किंमत काय राहिली?’ असं एखादे ज्येष्ठ सहकारी विचारतीलच. आमच्याकडे पहिल्या वर्षी एकेचाळीस मुलांनी नाव दिलं, पहिला टप्पा पंचवीस जणांनी गाठला आणि तिसऱ्याला पोचल्या फक्त दोन मुली. किंमत आपोआप राहते.

वेळापत्रकाचं मात्र जपून ठरवा, कारण इथे न दिसणारा अन्याय होतो. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतली मुलं दिवाळीच्या आगेमागे फडावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. तुमची योजना ‘जून ते जानेवारी’ अशी असेल, तर ती पोरं पहिल्याच दिवशी बाद झाली. म्हणून पहिला टप्पा दिवाळीच्या सुट्टीआधी पूर्ण होईल आणि तेव्हाच दिला जाईल असं बघा. तसंच एस.टी.ने येणाऱ्यांचं. साडेपाचची गाडी चुकली की मुलगी घरी कशी जाणार? कोणतंही काम शाळा सुटल्यानंतरचं ठेवू नका. मधली सुट्टी आणि परिपाठाआधीची वीस मिनिटं, एवढ्यात बसेल तेच काम.

तिसरी पायरी: नाव कसं मागवायचं

‘कुणाला व्हायचंय नेता?’ असं वर्गात विचारलं, तर हात तेच पाच वर होतील. आम्ही कामांची यादी सूचनाफलकावर लावतो आणि मुलं कामापुढे नाव लिहितात. पुरस्काराचा उल्लेख त्या कागदावर ठळक नसतो, मुद्दाम. बक्षिसाचं आमिष आधी दाखवलं की काय होतं, यावर एक जुना प्रयोग आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी तो १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. बालवाडीतली चित्रांची आवड असलेली मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि रिबीन असलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी रंगपेनं पुन्हा मांडली, तेव्हा आमिषावर चित्रं काढलेल्या मुलांनी इतरांच्या मानाने साधारण निम्माच वेळ त्यात घालवला. दुसऱ्या वर्षापासून तुमची योजना सगळ्या शाळेला माहीत होणारच, त्याला इलाज नाही. पण बोलताना आधी तोट्यांबद्दल बोला, प्रमाणपत्राबद्दल शेवटी.

नावं आली की आणखी एक नजर फिरवा. रांगोळी, स्वागतगीत, पाहुण्यांना गुलाब देणं यापुढे मुलींची नावं आणि माइक, मैदान, पैसे यापुढे मुलांची, असं झालंय का? आमच्याकडे झालं होतं. मी कागद फाडला नाही की भाषणही दिलं नाही. खेळाच्या साहित्याची किल्ली सहा आठवडे मुलींच्या गटाकडे राहील, एवढंच ठरवून टाकलं. पहिल्या आठवड्यात आठवीच्या पोरांनी कुरकुर केली. तिसऱ्या आठवड्यात कुठल्या वर्गाला कधी काय मिळणार याचा तक्ता मुलींनी दारावर चिकटवला आणि ज्यांना वर्षभरात कधी बॅट हातात धरायला मिळाली नव्हती, ती सहावीची पोरं त्यांच्या बाजूने भांडायला लागली.

निवडणूक घ्यावी का, हे नेहमी विचारलं जातं. मंत्रिमंडळासाठी जरूर घ्या. गुप्त मतदान, मतपेटी, शाई, सगळं घ्या, नागरिकशास्त्राचा एक धडाच होऊन जातो. पुरस्कारासाठी मात्र मतदान नको. गावातली भावकी, वाडी-वस्ती आणि कुणाचे वडील काय आहेत, हे सगळं त्या पेटीत उतरतं.

चौथी पायरी: नोंदवही

योजनेचा सगळा जीव या शंभर पानी वहीत आहे. प्रत्येक मुलाला एक वही. आठवड्यातून दोनदा तीन-चार ओळी, बस. चार प्रश्न पहिल्या पानावर चिकटवा: काय ठरवलं? काय झालं? कोण काय म्हणालं? आता काय करणार? शुद्धलेखन तपासू नका. लाल पेन तर वहीपासून लांब ठेवा, नाहीतर मुलं निबंध लिहायला लागतात, ‘नेतृत्व हा यशाचा पाया आहे’ वगैरे.

नोंदवहीत नेमकं काय शोधायचं, ते दाखवतो. सातवीतल्या एका मुलाकडे पाण्याच्या तोट्यांचं काम होतं. त्याच्या नोंदी साधारण अशा होत्या:

‘९ जुलै. रांग लावली. आठवीची मुलं मधे घुसतात. मी ओरडलो. त्यांनी ऐकलं नाही.

१२ जुलै. परत ओरडलो. एकाने ढकललं.

१६ जुलै. आठवीच्या मॉनिटरला म्हणालो तुमचा एक जण तोटीपाशी उभा कर. तो म्हणाला बघू.

१९ जुलै. आठवीचा मुलगा उभा राहतो. आता त्यांची मुलं घुसत नाहीत. चार नंबरची तोटी गळते. मामांना सांगितलं.

२६ जुलै. मामा म्हणाले वायसर पाहिजे. ऑफिसात सांगितलं. मॅडमनी पैसे दिले. आता तीन तोट्यांची रांग चारवर गेली. भांडण कमी झालं.’

बारा तारखेपर्यंत तो हवालदार होता. सोळाला त्याने ज्यांच्याशी भांडण होतं त्यांच्यातलाच माणूस कामाला लावला आणि सव्वीसला मुळात रांग का तुंबते हे त्याला सापडलं. परिपाठात चार वाक्यं सलग बोलता न येणारा मुलगा हा. वही नसती तर मला यातलं काहीच दिसलं नसतं. ‘पाण्याची शिस्त सुधारली’ एवढंच दिसलं असतं आणि श्रेय मी नव्या पर्यवेक्षकांना दिलं असतं.

ज्यांना लिहिणं जड जातं, त्यांना शुक्रवारी पाच मिनिटं बोलू द्या आणि तुम्ही लिहा. आमच्याकडची दोन पारधी वस्तीवरची मुलं अशीच टिकली.

पाचवी पायरी: थोडे पैसे त्यांच्या हाती

दुसऱ्या टप्प्यापासून प्रत्येक गटाला थोडी रक्कम द्या. आम्ही दोनशे रुपयांपासून सुरुवात केली. ती कशावर खर्च करायची, हे गटच ठरवतो. अटी दोनच: पावती किंवा दुकानदाराच्या सहीची चिठ्ठी हवी, आणि जमाखर्च सूचनाफलकावर लागला पाहिजे. एका गटाने सायकलींच्या जागेवर पांढऱ्या पट्ट्या मारायला चुना आणला. पहिल्या पावसात वाहून गेला. मी गप्प राहिलो. पुढच्या सत्रात त्यांनी ऑइलपेंट आणला आणि आदल्या हिशेबाच्या कागदावर ‘चुना – ४० रुपये – वाया’ असं स्वतःच लिहून ठेवलं. त्या ‘वाया’ शब्दासाठी मी त्यांना टप्पा दिला.

सहावी पायरी: पारखायचं कसं

गुणतक्ते करू नका. ‘आत्मविश्वास – १० पैकी’ असले रकाने भरायला सोपे आणि निरुपयोगी. आम्ही चौघं बसतो: मी, वर्गशिक्षक, मागच्या वर्षी तिसरा टप्पा गाठलेला एक विद्यार्थी आणि शाळेतल्या मावशी. मावशींना घ्याच. कोण कुणासमोर कसं वागतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. गेल्या वर्षी एका गोड बोलणाऱ्या मुलाबद्दल त्या एवढंच म्हणाल्या, ‘तुमी असताना करतो.’ विषय संपला.

आम्ही विचारतो ते प्रश्न साधे. ही मुलगी चार दिवस आली नाही, तेव्हा काम चाललं का? चाललं असेल तर ते तिच्या बाजूने धरायचं, विरुद्ध नव्हे. हे नव्या परीक्षकांना दरवर्षी समजावावं लागतं. तिने कुणाला शिकवलं? कुणाचं ऐकून काही बदललं? फसलं तेव्हा लपवलं की सांगितलं? वही समोर असते, त्या मुलीला बोलावतो, दहा मिनिटं गप्पा होतात. जमलं नसेल तर ‘अजून तीन आठवडे कर’ म्हणून सांगतो. ‘नापास’ हा शब्द या खात्यात नाही.

शिक्षकांची मुलं आणि संस्थेच्या पदाधिकाऱ्यांची नातवंडं असतील, तर त्यांच्या बैठकीला दुसऱ्या वर्गाचे शिक्षक बसवा. वाईट वाटण्याचा प्रश्न नाही, पुढे बोलणी ऐकावी लागत नाहीत.

पुरस्कारात द्यायचं काय?

जुन्या शाळांच्या ऑफिसात एक जाड रजिस्टर असतं: ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ ठेवलेल्या ठेवी. चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी पाचशे रुपये दिले, त्यांच्या व्याजातून आजही गणितात पहिल्या येणाऱ्याला पाकिटात पंचवीस-तीस रुपये मिळतात आणि नाव वाचायला त्याहून जास्त वेळ लागतो. हसू नका, यातच तुमची तरतूद आहे. अशा पाच-सहा ठेवींच्या घरच्यांना मुख्याध्यापकांमार्फत पत्र लिहा: नाव तसंच राहील, रकमेत थोडी भर घालता का, आणि पारितोषिक अमुक कामासाठी देऊ का? आमच्याकडे तीन घरांनी भर घातली. एका आजींनी तर विचारलं, ‘आमचे हे पाणी सोडायला होते ग्रामपंचायतीत, त्यांचं नाव त्या तोट्यांच्या कामाला देता का?’ दिलं.

वस्तू म्हणाल तर ट्रॉफी नको. घरी शोकेस नसते, असली तर त्यात आधीच चार असतात. कापडी बिल्ला, एक पुस्तक आणि प्रमाणपत्र. प्रमाणपत्रावर ‘उत्कृष्ट नेतृत्वाबद्दल’ असं छापील लिहू नका. काय केलं ते एका ओळीत हाताने लिहा. ‘जुलै ते सप्टेंबर पाण्याच्या चारही तोट्या चालू ठेवल्या’ असं वाचलं की घरचेही विचारतात, म्हणजे काय केलंस? आणि मग पोरगं बोलायला लागतं.

समारंभ स्नेहसंमेलनात घुसडू नका. तिथे पाहुणे उशिरा येतात, भाषण लांबतं आणि मुलांचं लक्ष पुढच्या नाचाकडे असतं. परिपाठात द्या, शनिवारी सकाळी, सगळी शाळा रांगेत असताना. देणारा कोण असावा? ज्याला त्या कामाचा उपयोग झाला तो. पाचवीच्या नव्या मुलांना सांभाळणाऱ्या ताईला बिल्ला पाचवीतल्याच मुलीने लावला, तेव्हा पिन लावताना तिचे हात थरथरत होते आणि ताई खाली वाकून ‘सावकाश लाव गं’ म्हणत होती.

पहिल्या वर्षी एवढंच करा

पाच कामं, वीस-पंचवीस मुलं, एकच टप्पा. परिपत्रक काढू नका, बॅनर छापू नका. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय मांडून ठेवा, म्हणजे ‘आमच्या पोराला पाण्यापाशी का उभं केलं’ म्हणून कुणी आलं तर समितीतले पालकच उत्तर देतात. सहकाऱ्यांपैकी एकाला तरी सोबत घ्या. तुमची बदली झाली की योजना तुमच्या बॅगेतून जाऊ नये. सहामाहीच्या आठवड्यात सगळं बंद ठेवा. काही मुलं मध्येच सोडतील, त्यांच्या मागे लागू नका. कारण मात्र विचारा. आमच्या एका मुलाने शेळ्या कुणी बघायला नाही म्हणून सोडलं होतं. त्याला सकाळचं काम दिलं, तो परत आला.

वर्ष संपताना वह्या परत घ्या, कव्हरवर कामाचं नाव लिहा आणि जूनमध्ये त्या कामावर येणाऱ्या नव्या मुलाच्या हाती द्या. जुना धनी शाळेत असेल तर दोघांना अर्धा तास एकत्र बसवा. आणि एप्रिलमध्ये स्टाफरूमची कपाटं आवरतात, त्या दिवशी स्वतः हजर राहा. जुन्या वह्या सगळ्यात आधी रद्दीत जातात.